बार्देशात घरे पुष्कळ, भाड्याने राहण्यासाठी मात्र थोडी

चतुर्थी आटोपली आणि पावसाचा जोर ओसरला की बार्देशात आवराआवर सुरू होते. कांदोळी-कळंगुटपासून हणजूण-शिवोलीपर्यंतच्या पट्ट्यात भिंतींना नवा रंग लागतो, पावसाळ्यासाठी बांधलेले आडोसे उतरवले जातात, पाहुण्यांच्या खोल्यांतील गाद्या उन्हात पडतात. त्याच सुमारास काही कुटुंबे आपले सामान खोक्यांत भरत असतात. जूनमध्ये त्यांना घर मिळाले होते. आता मालकाला ते ‘हंगामासाठी’ परत हवे आहे. म्हापशाच्या दुकानातील कारकून, पर्वरीतील कार्यालयात कंत्राटावर काम करणारी युवती, खासगी रुग्णालयातील परिचारिका, नव्याने रुजू झालेला शिक्षक, यांच्यापैकी कोणालाही घराविषयी विचारले तर पहिले उत्तर भाड्याच्या आकड्याचे येते. दुसरे, अधिक त्रासिक उत्तर असते मुदतीचे. किती दिवस राहू देतील, हे सांगता येत नाही.

वाढत्या भाड्याचे कारण विचारले की सामान्यतः ‘मागणी वाढली, घरे कमी पडली’ असे सांगितले जाते. बार्देशापुरते हे उत्तर अर्धेच खरे आहे. या तालुक्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत जेवढे बांधकाम झाले, तेवढे गोव्याच्या फार थोड्या तालुक्यांत झाले असेल. सांगोल्डा, पिळर्ण, गिरी, पर्रा, आसगाव या गावांची नावे घरबांधणीच्या जाहिरातींमुळे दिल्ली-मुंबईकरांनाही पाठ झाली आहेत. घरे आहेत. बाराही महिने मासिक भाड्याने राहता येईल अशी घरे नाहीत. या दोन गोष्टींतील अंतर समजून घेतल्याशिवाय बार्देशातील भाड्याचे कोडे सुटत नाही.

आकडा कोणाचा मानायचा?

प्रथम एक सावधगिरीची सूचना. ‘अमुक गावात दोन बीएचकेचे भाडे इतके झाले’ असे आकडे आपण रोज वाचतो. ते बहुधा जाहिरातींवरून काढलेले असतात. जाहिरातीतील भाडे म्हणजे मालकाने मागितलेली रक्कम. ती मिळालीच असे नाही. शिवाय जाहिरात रिकाम्या घराची असते. सहा वर्षे एकाच घरात राहणारा भाडेकरू जे भाडे देतो ते कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही, आणि ते नव्या भाड्यापेक्षा सहसा पुष्कळच कमी असते. ओळखीपाळखीतून, दारावरच्या चिठ्ठीवरून किंवा दुकानदाराच्या शब्दावर दिली जाणारी घरेही या हिशेबात येत नाहीत. म्हणून जाहिरातींची सरासरी ही तालुक्यातील भाड्याची सरासरी नव्हे. आज नव्याने घर शोधायला निघालेल्या माणसासमोर जो दर ठेवला जातो, तो ती सांगते. तेवढ्यापुरती ती उपयोगी आहे.

सरकारी मोजमापाकडे वळावे तर तेथेही पोकळी आहे. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत मालिकेत घरभाड्याचा समावेश केवळ शहरी भागासाठी होता. ग्रामीण निर्देशांकात ‘गृहनिर्माण’ हा गटच नव्हता. खेड्यात लोक स्वतःच्या घरात राहतात, भाड्याचा बाजार तेथे नगण्य असतो, असे त्यामागचे गृहीतक होते. देशाच्या बहुतेक भागात ते चुकीचे नव्हते. पण बार्देशात पंचायतीच्या हद्दीतील घराचे भाडे म्हापसा नगरपालिकेच्या हद्दीतील घरापेक्षा अधिक असणे ही नवलाई राहिलेली नाही. ज्या गावात पालिका नाही, मलनिस्सारण नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील भाडे शहराला मागे टाकते. असा बाजार मोजण्यासाठी ती फूटपट्टी बनवलेलीच नव्हती.

रात्रीचा दर आणि महिन्याचा दर

आता मुख्य गोष्ट. बार्देशातील घराला दोन बाजार उपलब्ध आहेत. एकात घर महिन्याच्या दराने जाते, दुसऱ्यात रात्रीच्या. घर एकच, पण ते घेणारे दोन भिन्न खिशांचे. महिन्याचा दर स्थानिक पगारातून दिला जातो. रात्रीचा दर दूरच्या शहरातील सुट्टीच्या खर्चातून. दोघे एकाच दारात उभे राहिले की कोणाला प्राधान्य मिळते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. परंतु हिशेब मांडून पाहिला तर एक-दोन अनपेक्षित गोष्टी हाती लागतात.

समजा, एका सदनिकेचे मासिक भाडे २५,००० रुपये आहे. वर्षातून एक महिना ती भाडेकरूंच्या अदलाबदलीत रिकामी राहिली, तर मालकाला अकरा महिन्यांचे २,७५,००० रुपये मिळतील. तीच सदनिका पर्यटकांना रात्री ४,००० रुपये दराने दिली आणि त्यातील चाळीस टक्के रक्कम आरक्षण करणाऱ्या संकेतस्थळाचे कमिशन, साफसफाई, चादरी-टॉवेलांची धुलाई, वीज आणि देखभाल करणाऱ्या माणसाचा पगार यांत गेली, तर रात्रीमागे २,४०० रुपये उरतात. म्हणजे ११५ रात्री भरल्या की दोन्ही पर्याय समान झाले. त्यापुढची प्रत्येक रात्र नफ्याची. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या वाड्यातील दर घालून पाहावेत. गणिताची रीत तीच राहील.

ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत सुमारे २४० रात्री असतात. समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या घराला त्यांतील ११५ भरणे अवघड नाही. हळदोणे, अस्नोडा किंवा कोलवाळ येथील साध्या सदनिकेला मात्र ते जवळपास अशक्य आहे. म्हणजे रात्रीच्या दराचे आकर्षण किनाऱ्यापासून आत जावे तसे कमी व्हायला हवे आणि आतल्या गावांत भाडे स्थिर राहायला हवे. तसे होत नाही. कारण कळंगुट-हणजुणातून बाहेर पडलेला भाडेकरू पर्रा-आसगावात घर शोधतो, तेथे जमले नाही तर म्हापसा-गिरीत, आणि तेथेही जमले नाही तर थिवी, अस्नोडा किंवा थेट डिचोली. आतल्या गावात पर्यटक कदाचित एकही नसेल. पर्यटकामुळे हललेली माणसे मात्र असतात. पाण्यात दगड टाकल्यावर काठावरचे पान हलते, तसा हा प्रकार आहे.

यातच हंगामाची आणखी एक गुंतागुंत आहे. हुशार मालक दोन बाजारांपैकी एक निवडत नाही. तो दोन्ही वापरतो. जून ते सप्टेंबर स्थानिक भाडेकरू, ऑक्टोबरपासून पाहुणे. पावसाळ्यातील चार महिन्यांत घर बंद ठेवले तर भिंतींना ओल येते, लाकडाला वाळवी लागते, कपाटांना बुरशी धरते. भाडेकरू असला की घर नांदते राहते, वर पैसेही मिळतात. मालकाच्या दृष्टीने ही चोख व्यवस्था. भाडेकरूच्या दृष्टीने तो चार महिन्यांचा रखवालदार ठरतो, आणि रखवालीचे पैसे तोच देतो.

हे एका दिवसात घडले नाही

पाहुण्यांना घरात ठेवून पैसे मिळवण्याची रीत बार्देशाला नवी नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी हणजुणात आले तेव्हा हॉटेले नव्हतीच. गावातील कुटुंबांनी त्यांना आपल्या घरातील खोल्या दिल्या. ऐंशीच्या दशकात विदेशी चार्टर विमाने येऊ लागली आणि कांदोळी-कळंगुटात अतिथीगृहे उभी राहिली. पण या साऱ्या काळात मालक त्याच घरात किंवा शेजारच्या घरात राहत असे. पाहुण्यांना दिलेली खोली ही राहत्या घरातील जादा खोली होती. त्या मिळकतीतून मुलांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली, घरांची छपरे बदलली गेली. तो व्यवहार स्थानिक माणसाला बाहेर काढणारा नव्हता, उलट त्याला गावात टिकवून धरणारा होता.

गेल्या दशकात बदलले ते हे नाते. संकेतस्थळांमुळे मालकाने गावात असण्याची गरज उरली नाही. गुरुग्राममध्ये बसून आसगावातील घराची किल्ली पाहुण्याच्या हाती देता येते. त्यातच रस्ते आणि विमानतळ आले. मांडवीवरील अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. मोपा पेडण्यात असले तरी तेथून दक्षिणेकडे निघालेल्या पाहुण्याला लागणारा पहिला मोठा तालुका बार्देश आहे. या दोन घटनांच्या मध्ये महामारी आली, आणि तिने या बाजाराला जे वळण दिले ते अजून सरळ झालेले नाही.

टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची मुभा मिळालेले महानगरांतील नोकरदार गोव्यात आले. ते आठवडाभर राहणारे पर्यटक नव्हते. त्यांना सहा महिन्यांसाठी, वर्षासाठी घर हवे होते. म्हणजे ते थेट स्थानिक भाडेकरूच्या बाजारात उतरले, पगार मात्र मुंबई-बंगळूरचा घेऊन. मुंबईच्या उपनगरात जे भाडे ते देत होते, त्याच रकमेत येथे अंगणासह घर मिळत होते. त्यांना ते स्वस्त वाटले आणि मालकाला ते अपेक्षेपेक्षा अधिक. दोघेही खूश होते. व्यवहारात दोष काढण्यासारखे काही नव्हते. फक्त त्यानंतर मालकाच्या मनातील ‘योग्य भाडे’ बदलले. पुढे कार्यालये उघडली, अनेकजण परत गेले, पण मनात बसलेला आकडा परत गेला नाही. मिळकतीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक रक्कम भाड्यावर जाऊ नये, असा एक जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने २५,००० रुपये भाडे देणाऱ्या घरात महिन्याला ७५,००० रुपये यायला हवेत. म्हापशाच्या बाजारपेठेत किंवा थिवी-पिळर्णच्या औद्योगिक वसाहतींत किती जणांचा पगार तेवढा असतो, हे वाचकांना सांगायला नको.

कुलपामागचे कारण

तरीही मोठा प्रश्न उरतो. रात्रीच्या दरानेही न दिलेली, महिन्याच्या दरानेही न दिलेली, केवळ कुलूप लावून ठेवलेली घरे बार्देशात प्रत्येक वाड्यावर दिसतात. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील दर पाच घरांमागे सुमारे एक घर रिकामे आढळले होते. देशात हे प्रमाण गोव्यातच सर्वाधिक होते. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे मधल्या बांधकामाच्या लाटेनंतरचे चित्र मोजणीत उतरलेले नाही.

कुलपाची कारणे एकसारखी नाहीत. नव्या सदनिकांपुरते कारण साधे आर्थिक आहे. ८० लाखांची सदनिका २५,००० रुपयांनी भाड्याने दिली तर वर्षाला तीन लाख येतात, म्हणजे किमतीच्या पावणेचार टक्के. घरपट्टी, सोसायटीची वर्गणी आणि किरकोळ दुरुस्ती वजा जाता तीन टक्क्यांच्या आसपास. बँकेतील मुदत ठेव याहून अधिक देते. मग ही सदनिका घेतली कशाला? किंमत वाढेल म्हणून. ज्याची कमाई किमतीच्या वाढीतून होणार आहे, त्याला भाड्याच्या तीन टक्क्यांसाठी भाडेकरूची दगदग नको असते. घर बंद ठेवण्याचा खर्च त्याच्यासाठी नगण्य आहे, आणि वर्षातून दहा दिवस कुटुंबासह येऊन राहता येते ते वेगळे.

जुन्या घरांची कथा निराळी. त्यांचे मालक लिस्बन, लंडन, आखात, मुंबई येथे किंवा बोटीवर असतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार वारसाहक्क मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्वांकडे जातो आणि जोडीदाराचाही मालमत्तेत हिस्सा असतो. तत्त्व म्हणून ते उत्तमच. परंतु दोन पिढ्यांची इन्व्हेंटरी झालेली नसेल तर एका घराला डझनभर हिस्सेदार होतात, आणि करारावर सही कोणी करायची या प्रश्नातच घर पडीक होते.

याशिवाय तिसरे कारण आहे, ते भीतीचे. आमच्या मते बार्देशाच्या भाडेबाजारावर त्याचा प्रभाव आकड्यांत दिसतो त्यापेक्षा अधिक आहे. मुक्तीनंतर गोव्यात तीन कायदे झाले: १९६४ चा कूळ कायदा, १९६८ चा इमारत भाडे व निष्कासन नियंत्रण कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा. भाटकाराच्या मर्जीवर जगणाऱ्या हजारो कुटुंबांना या कायद्यांनी पायाखालची जमीन दिली. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मालक कुटुंबांच्या स्मृतीत त्यांचा एक ओबडधोबड सारांश शिल्लक राहिला: ‘घरात घेतलेला माणूस परत जात नाही.’ त्यातून आजचा विचित्र न्याय जन्मतो. दिल्लीचा माणूस चालतो, कारण तो जाणार आहे. पेडण्याचा किंवा सत्तरीचा माणूस नको, कारण तो राहील. गोमंतकीय भाडेकरूला गोमंतकीय मालक दार बंद करतो ते अनेकदा याच कारणाने. त्याला जोड म्हणून अविवाहित नको, मांसाहारी नको, अमुक धर्माचे नको, अशा अटी असतातच. पण त्यांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी अशी आहे.

ही भीती कायद्याच्या कसोटीवर कितपत टिकते? मुंडकार कायद्याची व्याख्याच पाहावी. भाटकाराच्या संमतीने त्याच्या घरात कायमचा निवास करणारा तो मुंडकार. पण याच व्याख्येतून राहण्यापोटी भाटकाराला भाडे देणाऱ्या व्यक्तीला वगळले आहे. म्हणजे जो रीतसर भाडे देतो आणि ज्याच्यापाशी भाड्याची पावती आहे, तो त्या कायद्याखाली मुंडकार ठरत नाही. येथे मालकाचा स्वतःशीच चाललेला विरोध लक्षात येतो. कर चुकवण्यासाठी तो भाडे रोखीने घेतो, पावती देत नाही, करार लिहीत नाही, आणि असे करताना भाडेकरू हा भाडेकरूच होता हे सिद्ध करणारा पुरावा आपल्याच हाताने पुसून टाकतो. पावती भाडेकरूइतकीच मालकाचीही ढाल आहे.

अकरा महिन्यांचे रहस्य

दुसरी भीती १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याची. त्यात भाडेकरूला काढण्यासाठी ठरावीक कारणे लागतात आणि भाडे नियंत्रकापुढे जावे लागते. जुन्या इमारतींतून आजही नाममात्र भाडे देऊन राहणारे भाडेकरू दिसतात, ते याच संरक्षणामुळे. या कायद्याला वळसा घालण्यासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’, म्हणजे परवान्याचा करार, सर्रास केला जातो आणि त्याची मुदत अकरा महिने ठेवली जाते.

अकराच का? नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या किंवा वर्षानुवर्षे चालणाऱ्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांचा करार त्या मर्यादेच्या आत राहतो. उपनिबंधकाकडे जाणे टळते, नोंदणी शुल्क वाचते. यापलीकडे त्या आकड्यात कसलीही जादू नाही. अकरा महिने पूर्ण झाले की भाडेकरूचे सर्व हक्क संपतात किंवा बारावा महिना लागला की घर त्याचे होते, हे दोन्ही समज निराधार आहेत.

भाडेपट्टा आणि परवाना यांत मूलभूत फरक आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडेपट्ट्यात घराच्या उपभोगाचा हक्क काही काळासाठी दुसऱ्याकडे जातो. परवान्यात असा हक्क जात नाही; केवळ वापराची अनुमती असते. परंतु करारावर काय शीर्षक छापले आहे यावर हे ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात सांगितले की दस्तऐवजाच्या नावापेक्षा त्याचा आशय आणि दोन्ही पक्षांचा हेतू पाहावा, आणि घराचा अनन्य ताबा कोणाकडे आहे हे तपासावे. किल्ली भाडेकरूकडे, मालक परदेशी, मुदत दरवर्षी वाढवली जाते, अशा व्यवहाराला केवळ ‘परवाना’ म्हटले म्हणून तो परवाना होईलच असे नाही. अर्थात न्यायालयात ते सिद्ध करण्यासाठी जी वर्षे लागतात, ती अकरा महिन्यांच्या भाडेकरूकडे नसतात.

शेजारच्या महाराष्ट्रात वेगळी वाट धरली गेली. तेथील १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने परवान्याचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले, तो करण्याची जबाबदारी मालकावर टाकली, आणि त्याचबरोबर मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याची जलद तरतूदही ठेवली. मालकाला खात्री मिळाली, भाडेकरूला कागद मिळाला. पुण्या-मुंबईत भाडी कमी आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण तेथे करार ऑनलाइन नोंदवून घेणे ही रोजची बाब झाली आहे. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांसमोर ठेवला. निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, प्रत्येक करार लेखी असावा, वादासाठी स्वतंत्र भाडे प्राधिकरण असावे, अशा तरतुदी त्यात आहेत. मात्र तो आपोआप लागू होत नाही. राज्यांनी स्वीकारल्याशिवाय त्याला बळ नाही.

आणि रात्रीच्या बाजाराचे काय? गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा १९८२ पासून आहे. पर्यटकांना पैसे घेऊन ठेवणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची, हे त्याचे सूत्र. नोंदणी न करता चालणाऱ्या घरांविषयी हॉटेल व्यावसायिक वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. त्यांची तक्रार व्यवसायातील असमान स्पर्धेची आहे. भाडेकरूच्या बाजूने पाहिले तर नोंदणीचा उपयोग आणखी एक आहे. कोणत्या वाड्यावर किती राहती घरे पाहुण्यांकडे वळली, हे त्यातूनच कळू शकते. बार्सिलोना शहराने २०२८ च्या अखेरपर्यंत सुमारे दहा हजार पर्यटक-सदनिकांचे परवाने संपुष्टात आणण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला, तो करता आला कारण परवान्यांची यादी हाताशी होती. तेवढी कठोर उपाययोजना बार्देशाला मानवणार नाही, असे आम्हाला वाटते. येथे आजही अनेक घरांत पाहुण्याची खोली हीच आजीची पेन्शन आहे. राहत्या घरातील एक-दोन खोल्या देणारा गावकरी आणि वीस सदनिका चालवणारी दूरची कंपनी यांना एकाच पारड्यात घालणारा नियम पहिल्यालाच आधी मारील. दोघांत भेद करणारी घरपट्टी पंचायतीला आकारता आली, तर बराच फरक पडेल.

करार करण्यापूर्वी

कायदे बदलेपर्यंत घर शोधणाऱ्याला आजच्या बाजारातच वाट काढायची आहे. तेव्हा काही व्यावहारिक गोष्टी.

करारात ‘मुदतवाढ परस्पर संमतीने’ एवढेच लिहिलेले असते. त्याऐवजी मुदतवाढ झाल्यास भाडे किती टक्क्यांनी वाढेल आणि घर परत हवे असल्यास किती दिवस आधी सांगावे लागेल, हे आकड्यांत लिहून घ्यावे. जूनमध्ये सुरू होणारा करार शक्यतो टाळावा. तो हंगामाच्या तोंडाशी मोडण्याचा मोह मालकाला होतो. डिसेंबर-जानेवारीत सुरू झालेला करार पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपतो, तोही धोक्याचाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू झालेला करार मात्र पुढच्या हंगामाचा काही काळ ओलांडून जातो. ही युक्ती साधी आहे, पण घर शोधण्याची वेळ निवडणे ज्यांना शक्य आहे त्यांनी ती ध्यानात ठेवावी.

भाडे बँकेतून द्यावे. घरात शिरताना भिंती, नळ, पंखे यांची छायाचित्रे काढून मालकाला पाठवून ठेवावीत. अनामत परत मिळताना होणारे निम्मे वाद त्यातच मिटतात. पाण्याचा टँकर, सोसायटीची वर्गणी आणि वीजबिल कोणाकडे, हे भाड्याच्या आकड्याबरोबरच विचारावे, कारण पर्वरीसारख्या भागात टँकरचा खर्च भाडे गुपचूप वाढवतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे मालकावर बंधनकारक आहे. त्याची पोच मागून घेतली तर आपण तेथे राहत होतो याचा एक तारखेसह पुरावा आपल्याकडे राहतो. आणि करार असो वा नसो, कुलूप बदलून किंवा सामान बाहेर फेकून कोणालाही काढता येत नाही. कायदेशीर प्रक्रियेविना ताबा हिरावला गेला तर विशिष्ट अनुतोष कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करून तो परत मागता येतो, मालकी कोणाची हा प्रश्न त्या दाव्यात येत नाही.

एक बाब बार्देशापुरती विशेष महत्त्वाची आहे आणि ती फारच थोड्या भाडेकरूंना ठाऊक असते. घराचा मालक परदेशी स्थायिक, म्हणजे आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल, तर भाड्याची रक्कम कितीही लहान असली तरी तीतून उगमस्थानी कर कापून तो सरकारजमा करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. निवासी मालकाला दरमहा ५०,००० रुपयांपर्यंत भाडे देणाऱ्या सामान्य भाडेकरूला ही सूट आहे, अनिवासी मालकाच्या बाबतीत नाही. भाडे गावातील भावाच्या किंवा पुतण्याच्या खात्यात जमा होत असले तरी घर कोणाच्या नावावर आहे आणि तो कोठे राहतो, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.